शेजारचे काका

"मॅडम, माणूस दारातून आत आल्यापासून किती वेळात तुम्ही ठरवता की ह्याला घ्यायचं नाही?"

प्रश्न माझ्या तोंडचा, पण डोकं लंबूचं. शाळेच्या सभागृहात नोकरी कशी मिळवावी हे सांगायला एक पाहुण्या आल्या होत्या. औषधांच्या कारखान्यात माणसं निवडणाऱ्या मोठ्या अधिकारी. तासभर बोलून झाल्यावर त्यांनी "कोणाला काही विचारायचंय?" म्हटलं आणि नेहमीप्रमाणे सगळे आपापले बूट न्याहाळायला लागले. तेवढ्यात मागून लंबूने माझ्या पाठीत पेन खुपसलं.

"हेच विचार, रेडिओ. हिंमत असेल तर. नाही विचारलंस तर आठवडाभर माझं दप्तर तू उचलायचं."

मागच्या वर्षी कोणी असं म्हटलं असतं तर मी निमूटपणे दप्तर उचललं असतं. तेव्हा मी इतक्या हळू ‘हजर’ म्हणायचे की बाई माझी गैरहजेरी लावायच्या. पण ह्या सहामाहीत वक्तृत्व स्पर्धेत माझा पहिला नंबर आला आणि तेव्हापासून माझ्या तोंडाचा जो पट्टा सुटलाय तो आवरतच नाही. म्हणून रेडिओ. नाव लंबूनेच ठेवलं आणि चष्मिशने ते वर्गभर पसरवलं. ह्या दोघी माझ्या जिवाच्या मैत्रिणी, म्हणून माझं असं होतं.

तर मी उभी राहिले आणि विचारलं. मुख्याध्यापकांनी कपाळाला हात लावला. पाहुण्या मात्र खरंच विचारात पडल्या.

"खरं सांगू? तो खुर्ची ओढून बसेपर्यंत," त्या म्हणाल्या. "पुष्कळदा त्याच्याही आधी. फॉर्म वाचतानाच."

सभागृहात हशा आणि टाळ्या. त्या पुढे आणखी काहीतरी बोलत होत्या, पण मी तोवर मागे वळून लंबूला वाकून नमस्कार करत होते. मग ऐटीत खाली बसले आणि बसल्या बसल्या हसायचीच थांबले.

कारण अशा खुर्च्या ओढून बसणारा एक माणूस आमच्या घरी होता. पाच महिन्यांत चार खुर्च्या, आणि चारही ठिकाणी नकार. माझे बाबा.

बाबा बाटल्यांच्या कारखान्यात बाटल्या बघायचे. एकोणीस वर्षं. ऐकायला किरकोळ वाटतं, पण करून बघा. समोर पांढऱ्या उजेडाची एक काच असते आणि तिच्यापुढून पट्ट्यावर रिकाम्या बाटल्या सरकत असतात. तोंड, गळा, खांदा, पोट, बूड. एका बाटलीवरून नजर एवढीच फिरवायची की लगेच पुढची. कुठे बुडबुडा, कुठे खडा, कुठे केस. केस म्हणजे केसाएवढी चीर. ती सापडली की बाबा बाटली उचलून बाजूच्या पेटीत टाकायचे आणि एकच शब्द म्हणायचे, "गेली." नजर एका जागी अडकली की मागच्या चार बाटल्या निसटतात, म्हणून नजर अडकू द्यायची नाही, हा त्या कामाचा पहिला नियम. दुसरा नियम, वीस मिनिटं बघायचं की डोळे मिटून बसायचं, नाहीतर डोळे आपल्यालाच फसवायला लागतात.

मग कारखान्यात कॅमेरा आला. त्याला डोळे मिटावे लागत नाहीत. सहा बघणाऱ्यांपैकी पाच घरी आले.

बाबांची सवय मात्र गेली नाही. माणसांकडेही ते तसंच बघतात. आई म्हणते, "पहिल्यांदा भेटले तेव्हा मला वाटलं, हा माणूस माझ्यात चीर शोधतोय." घरात हे ठीक आहे हो. पण मुलाखत घेणारा साहेब बोलत असताना उमेदवाराची नजर त्याच्या टकलावरून टायवर आणि टायवरून टेबलाच्या पायावर फिरत असेल तर? आणि तिसऱ्या मुलाखतीत तर कहर झाला. वीस मिनिटं झाली आणि बाबांनी डोळे मिटले. मुद्दाम नाही, आपोआप. साहेबाला वाटलं, ह्याला डुलकी लागली. बाबांनी घरी येऊन हे स्वतःच नक्कल करून सांगितलं. मी हसून हसून लोळले. आई हसली नाही. ती हॉस्पिटलच्या धुलाईघरात चादरींच्या घड्या करायचं काम करते, आणि बाबा घरी बसल्यापासून तिने दोन पाळ्या घेतल्या होत्या.

शाळेत मी ह्यातलं अक्षर काढलं नव्हतं. "तुझे बाबा दुपारी घरी कसे?" असं चष्मिशने विचारलं तेव्हा "पाळी बदललीय" म्हणून मोकळी झाले होते.

तर त्या पाहुण्या निघाल्या तशी मी फाटकापर्यंत धावत गेले. लंबू आणि चष्मिश मागे होत्याच.

"मॅडम, तुमच्याकडे बाटल्या बघणारी माणसं लागतात का? काचेच्या? म्हणजे चीर वगैरे?"

"लागतात की. औषधाच्या कुप्या तपासायला माणसं शोधतोच आहोत आम्ही," त्यांनी बॅगेतून फॉर्म काढला. "कोणासाठी हवाय?"

मागे लंबू उभी, चष्मिश उभी. माझ्या तोंडातून उत्तर असं सरळ बाहेर पडलं की जणू पाठच करून आले होते.

"शेजारच्या काकांसाठी."

"नशीबवान आहेत तुझे काका," त्या हसल्या. "तू लक्षात राहशील माझ्या."

त्या संध्याकाळपासून आमच्या स्वयंपाकघराचं कार्यालय झालं. टेबलाच्या अलीकडे मी, पलीकडे बाबा, आणि मोरीपाशी आई.

"नाव?"

"अगं, तुला माहितेय की."

"बाबा! मी अधिकारी आहे."

"बरं, साहेब."

तेव्हापासून मी साहेब. ‘साहेब, मीठ द्या’, ‘साहेब, अंघोळीला जा’.

"डोळे! डोळे कुठे फिरतायत? माझ्या नाकाच्या शेंड्याकडे बघा. तिथून हलायचं नाही."

"शेंड्यावर पुटकुळी आलीय तुझ्या."

"बाबा!"

"साहेबांच्या शेंड्यावर पुटकुळी आलीय."

"अहो, उमेदवार," आई मोरीतून म्हणाली, "साहेबांना जरा विचारा, गणिताचा पेपर कधी आहे त्यांचा."

मी चाळीस प्रश्नांची उत्तरं वहीत लिहून काढली. वक्तृत्वाला लिहितात तशी, झोकदार. बाबा ती पाठ करत घरभर फिरायचे. "माझ्या जमेच्या बाजू तीन. पहिली चिकाटी, दुसरी वक्तशीरपणा, तिसरी..." आणि गाडी तिथेच अडायची.

"एकाग्रता!" मी आतल्या खोलीतून ओरडायचे.

"एकोणीस वर्षं तेच केलं बघ, आणि तेच आठवत नाही," बाबा म्हणायचे. हसत म्हणायचे, पण वही मिटून थोडा वेळ खिडकीपाशी जाऊन उभे राहायचे. दोन आठवड्यांत ते माझ्याकडे इतकं रोखून बघायला शिकले की मलाच कसंतरी व्हायला लागलं. ते माझे बाबा वाटतच नव्हते. मी मात्र स्वतःवर जाम खूश होते.

फॉर्मही मीच भरला. बाबांचं अक्षर म्हणजे मुंग्यांची मिरवणूक. नाव, वय, अनुभव, सगळं झ्याक झालं. मग रकाना आला, ‘आधीची नोकरी सोडण्याचे कारण’. पेन थांबलं. फॉर्म वाचतानाच ठरवतात म्हणे. ‘कामावरून कमी केले’ असं वाचून कोण खुर्चीपर्यंत येऊ देईल? मी लिहिलं, ‘अधिक चांगल्या संधीसाठी स्वतःहून राजीनामा.’ सुरेख दिसत होतं. ओळ रकान्यात नेमकी बसली होती.

सहीसाठी कागद बाबांपुढे धरला तेव्हा माझा अंगठा त्या ओळीवर होता. चुकून नव्हता.

"सगळं नीट लिहिलंयस ना?"

"हो."

"मग झालं."

एकोणीस वर्षं डोळ्यांखालून एक केस निसटू न देणाऱ्या माणसाने माझा कागद न बघता सही केली.

मुलाखत शुक्रवारी होती. आईने शर्टाला दोनदा इस्त्री केली. मी शाळेत जाताना दारातून ओरडले, "नाकाचा शेंडा!" आणि बाबांनी मला कडक सलाम ठोकला.

संध्याकाळी पाचला ते आले. दारातच बूट काढले, मोजे बुटात कोंबले, आणि खाली बसूनच सांगायला लागले. मी पाण्याचा पेला घेऊन समोर उभी.

"सुरुवात वाईटच झाली. मी बसलो आणि साहेबांनी शिकवल्याप्रमाणे बाईंच्या नाकाकडे बघत राहिलो. त्या डावीकडे झुकल्या की मी डावीकडे. पाचेक मिनिटांनी त्याच म्हणाल्या, माझ्या नाकाला काही लागलंय का?"

"अगं बाई!" आईने तोंडाला हात लावला.

"जमेच्या बाजूही दोनच आठवल्या. मला वाटलं, संपलं. पण मग त्यांनी एक तबक मागवलं. शंभर कुप्या, ह्या एवढ्याशा, करंगळीएवढ्या. मागे दिवा लावला आणि म्हणाल्या, बघा." बाबांचा आवाजच बदलला. "मग काय, नजर सुटली माझी. पाच काढल्या. बाई म्हणाल्या, शाब्बास, पाचच होत्या. मी म्हटलं, थांबा, अजून एक आहे. त्या म्हणाल्या, नाही हो, आम्हीच ठेवल्यात मोजून. मी सहावी काढून हातात दिली. गळ्याखाली केस होता. त्यांनी भिंग आणवलं, बघितलं आणि दुसऱ्या दोघांनाही बोलावून दाखवलं."

आई मटकन खालीच बसली. मी किंचाळले. खरंच किंचाळले, पेल्यातलं अर्धं पाणी बाबांच्या मोज्यांवर.

"मग बाईंचा सूरच बदलला. वर म्हणाल्या..." बाबा थांबले. ओले मोजे बुटातून काढून त्यांनी नीट जोडीने बाजूला ठेवले. "म्हणाल्या, तुमच्या शेजारच्या त्या मुलीचं मला फार कौतुक वाटतं. काकांसाठी धावत फाटकापर्यंत आली होती. अशी शेजारीण हवी."

"शेजारची मुलगी?" आई बुचकळ्यात पडली. "आपल्या शेजारी तर ते दोघं म्हातारे राहतात. कुठली हो मुलगी?"

"आहे एक," बाबा म्हणाले. "हुशार आहे. मी म्हटलं बाईंना, हो, आहे खरी गुणी."

खोलीतल्या प्रत्येक गोष्टीवरून ज्यांची नजर फिरते ते बाबा त्या वेळी माझ्याकडे सोडून सगळीकडे बघत होते. माझ्या हातात अर्धा पेला होता आणि तो कुठे ठेवायचा हे मला कळत नव्हतं.

"म्हणजे घेतलं का तुम्हाला?" आईने विचारलं.

"जवळजवळ. सोमवारी अकरा वाजता आमच्या जुन्या कारखान्यात एक फोन करतील. त्यांची पद्धतच आहे. फॉर्ममधलं सगळं जुळलं की तुम्ही आमचेच, म्हणाल्या. करू देत की फोन. तिथे माझ्याबद्दल कोण वावगं बोलणार आहे?"

आईचा जीव भांड्यात पडला आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. फॉर्ममधलं सगळं जुळलं की. माझी ती सुरेख ओळ. कारखान्यातला माणूस फोनवर काय सांगेल? राजीनामा कसला, पाच जणांना कमी केलं आम्ही. आणि मग बाबा खोटारडे ठरणार. सहावी कुपी काढणारे बाबा.

शनिवारी मधल्या सुट्टीत मी चष्मिश आणि लंबूला जिन्याखाली नेलं.

"मला काहीतरी सांगायचंय. माझे बाबा पाच महिने घरी आहेत. त्यांना कामावरून काढलंय."

"माहितेय," चष्मिश म्हणाली.

"काय?"

"तिसऱ्या दिवशीच कळलं. लंबूचा मामा त्याच कारखान्यात आहे ना. तू पाळी बदललीय म्हणालीस, मग आम्ही पण पाळी बदललीय म्हणालो."

एरवी मी त्यांना फाडून खाल्लं असतं. पण त्या दिवशी मला नुसतं रडू आलं. म्हणजे फाटकापाशी मी ज्या दोघींसाठी बाबांना शेजारी राहायला पाठवलं, त्या दोघींना सगळं आधीच ठाऊक होतं. नाक पुसत मी उरलेलं सांगितलं. काका, फॉर्म, सोमवार.

"फोन आपणच करू," लंबू म्हणाली. "आवाज जाड काढून. मी कारखान्याचा मॅनेजर बोलतोय..."

"गप बस गं तू." चष्मिशने दप्तरातून वही काढली. ही मुलगी सगळं टिपून ठेवते, पाहुण्यांची शिंकसुद्धा. "हे ऐक. फॉर्म वाचतानाच. त्याच्यापुढे काय म्हणाल्या ते तू ऐकलंस का? ‘फॉर्ममध्ये एक आणि खरं दुसरंच निघालं, तर माणूस कितीही चांगला असो, मी उठून दार उघडते. आणि नोकरी गेली असं ज्यांनी सरळ लिहिलंय अशी कितीतरी माणसं मी घेतली आहेत.’"

टाळ्या चालू होत्या तेव्हा. मी वाकून नमस्कार करत होते.

रविवारी दुपारी जेवणं झाली. आई टेबल पुसत होती. ती गुणगुणत होती, जे मी पाच महिन्यांत ऐकलं नव्हतं. बाबा घासलेले पेले एकेक करून खिडकीच्या उजेडात धरत होते. शेवटी माझा आवाज निघाला तो मागच्या वर्षीचा, ‘हजर’ म्हणणारा.

"बाबा, फॉर्ममध्ये मी खोटं लिहिलंय."

आणि मग सगळं सांगितलं. रकाना, राजीनामा, अंगठा. थांबले तर पुन्हा सुरू करता येणार नाही म्हणून त्याच दमात काकांचंही सांगून टाकलं. आईच्या हातातलं फडकं टेबलाच्या मधोमध राहिलं.

"म्हणजे ती शेजारची मुलगी..." आई माझ्याकडे बघतच राहिली. "आपल्या बापाला तू काका म्हणालीस?"

मी मान हलवली.

"फॉर्मचं मला ठाऊक नव्हतं," बाबा म्हणाले. पेला हातातच होता. "काकांचं तिथेच कळलं. येताना एक थांबा आधीच उतरलो आणि चालत आलो. म्हटलं, घरी पोचेपर्यंत तोंड नीट करून ठेवू."

मला वाटलं होतं ते रागावतील. रागावले असते तर बरं झालं असतं.

आईनेच फडकं उचललं आणि जोरजोरात पुसायला लागली. "हे बघा. झालं ते झालं. फोनवर ते काम कसं होतं एवढंच विचारतील. नोकरी कशी सुटली ते कदाचित विचारणारच नाहीत. आपण होऊन कशाला सांगायचं? आपण होऊन सांगितलं आणि त्यांनी दार दाखवलं, तर? पुन्हा पाच महिने?" तिचा आवाज चिरकला. "माझे हात बघा दोघांनी. बघा जरा."

आम्ही बघितले. साबणाच्या पाण्याने बोटांची पेरं फुटली होती.

बाबांनी पेला पुन्हा उजेडात धरला, फिरवला आणि फळीवर ठेवला. मग माझ्याकडे बघितलं. नाकाच्या शेंड्याकडे नाही. त्यांच्या जुन्या पद्धतीने, वरून खाली, न अडकता. मी ‘गेली’ ह्या शब्दाची वाट बघत राहिले. तो आला नाही. त्यांनी नुसतं विचारलं, "मग साहेब? काय ठरवलंय?"

आणि मला कळलं की मी खरंच ठरवलंय. कधी ठरवलं ते माहीत नाही. बहुतेक जिन्याखाली.

"आई, मला माहितेय की नोकरी जाऊ शकते," मी म्हणाले, आणि आता माझा आवाज नीट ऐकू येत होता. "पण त्यांना ते फोनवर कळलं तर बाबा खोटे ठरतील. माझ्याकडून कळलं तर मी. म्हणून उद्या मी शाळेत जाणार नाहीये. दहा वाजता त्या मॅडमच्या दारात उभी राहणार. खुर्ची ओढणारच नाही, उभ्या उभ्याच सांगणार, फॉर्म माझ्या अक्षरातला आहे, राजीनाम्याची ओळ माझी आहे आणि बाबांनी ती वाचलेलीसुद्धा नाही. बाबा, तुम्ही माझ्याबरोबर यायचं, पण बाहेर थांबायचं. माझं सांगून झालं की मी दार उघडून तुम्हाला हाक मारीन. त्या बाईंना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने, बाबा म्हणून."